राउटर बंद-चालू करणं हा इलाज नाही!

गेमच्या साइटवर लॉगिन अडकलं की केबलवाल्याचं ठरलेलं उत्तर: राउटर बंद करून चालू करा. अहो, आधी दिवा तरी बघायला सांगा! राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाही, मग शंभरदा बंद-चालू करून काय होणार? माणूस पाठवा.

दिवा ठीक असेल तर लॅन केबल लावून ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा, म्हणजे उत्तर येतं का ते तपासा. उत्तर येतंय, पण साइटचं नावच सापडत नाही? मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदला.

केबलवर चालतं, वायफायवर तुटतं? गिरगावच्या चाळीत भिंतीला भिंत, प्रत्येक घरात राउटर, सगळे वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर. त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६, ११. सरळ ५ गिगाहर्ट्झवर जा. हे फोनवर सांगायला दोन मिनिटं लागतात!