परदेशातून : मधला मजला पाडला, तळमजला ठेवला

केंब्रिजच्या उत्तरेला ज्या खेड्यात मी राहते, तिथे गावाच्या टोकाला एकसारख्या जोडघरांची रांग आहे. प्रत्येक घरामागे बटाटे, कोबी लावता येतील असं लांबलचक परसू. "ही आमच्या रूरल डिस्ट्रिक्टनं बांधली," शेजारचे आजोबा अजून 'आमच्या' म्हणतात. ते कौन्सिल जाऊन पन्नास वर्षं उलटली.

चेस्टरटन रूरल डिस्ट्रिक्ट. 1894च्या कायद्यानं जन्म, 1 एप्रिल 1974 रोजी विसर्जन. आपल्याकडच्या तालुका लोकल बोर्डाचं हे चुलत भावंड म्हणा; ते 1884च्या कायद्यानं आलं आणि 1962मध्ये जिल्हा परिषदा येण्याच्या बरंच आधी इतिहासजमा झालं. इथल्या कौन्सिलकडे खेड्यांतली घरं, गटारं, कचरा अशी न मिरवण्यासारखी कामं. गंमत म्हणजे खुद्द चेस्टरटन त्यात नव्हतंच! ते 1912मध्ये केंब्रिज शहरात गेलं. नाव आलं जुन्या गरीब-कायद्याच्या युनियनवरून, म्हणजे गरिबांची सोय करायला एकत्र बांधलेल्या गावांच्या गटावरून. तिचं वर्कहाऊस, म्हणजे निराधारांना काम करवून घेऊन आसरा देणारं घर, चेस्टरटनात होतं, तिथला रस्ता आजही युनियन लेनच आहे.

1974मध्ये चेस्टरटन आणि शेजारचं साउथ केंब्रिजशायर रूरल डिस्ट्रिक्ट एक करून मोठा डिस्ट्रिक्ट झाला. पण त्याखालच्या पॅरिश कौन्सिलांना, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतींना, कुणी हात लावला नाही. आता सरकार तो डिस्ट्रिक्टही मोडायला निघालंय, 2028पर्यंत. पुन्हा वाद पेटलाय, पण पॅरिश राहणार का, हा प्रश्न त्यात नाही.

पुण्यात नेमकं उलटं झालं. 2017मध्ये 11 आणि 2021मध्ये 23 गावं महापालिकेत गेली आणि ग्रामपंचायत पार पुसली गेली. त्या 23 गावांतलंच माझं माहेर. दादा म्हणतो, महापालिका हवीच होती, एवढ्या इमारतींचं पाणी आणि ड्रेनेज पंचायतीच्या आवाक्यातलं नव्हतं. पटतं मला. सगळ्याच ग्रामपंचायती काही फार सोवळ्या नव्हत्या, हेही खरं. पण 2022च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. गावाला सरपंच उरला नाही, 2026च्या निवडणुकीपर्यंत नगरसेवक मिळाला नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर महापालिकेत जाऊन पुन्हा बाहेर पडली, वेगळी नगरपरिषद घेऊन.

विलीनीकरण हवं की नको, एवढ्यावरच आपल्याकडे भांडण होतं. मोठं काम वर द्यावं आणि ग्रामसभा खाली ठेवावी, ही तिसरी वाट कुणी बोलतच नाही. पॅरिशचे अधिकार तुटपुंजे आहेत, कबूल. बसथांबा, दफनभूमी, गवत. पण त्यासाठी ती स्वतःचा कर लावते आणि हिशेब गावासमोर ठेवते.

मागच्या महिन्यात मी आमच्या पॅरिशच्या सभेला गेले. फलकावरच्या विषयपत्रिकेचा फोटो दादाला पाठवला.

"किती माणसं होती?" त्यानं विचारलं.

"नऊ. त्यातली दोघं कुत्र्यांची तक्रार घेऊन आली होती."

"आमच्या ग्रामसभेलाही तेवढीच असायची," दादा म्हणाला.