बंदूक घेतलीत, आता काळजीही घ्या

ग्रीनकार्ड आलं, ह्यूस्टनच्या बाहेर घर झालं, गराजमध्ये पिकअप उभी राहिली. आता बंदूक आलीच. अभिनंदन! एच-वन-बीवर असाल तर मात्र जरा दमानं घ्या. त्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे; अपवाद शिकारीचा परवाना असलेल्यांचा. म्हणजे उभ्या जन्मात कोंबडीसुद्धा न कापलेल्या आपल्या जावा डेव्हलपरला घरात पिस्तूल ठेवायचं तर आधी कागदोपत्री हरणामागे धावावं लागतं. असं का, ते विचारू नका. पुढे याहून अवघड प्रश्न आहेत.

बंदूक विकत घेणं हा त्यातला सोपा भाग. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो, आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत काम होतं. फॉर्ममध्ये गांजाबद्दल एक प्रश्न आहे, तो नीट वाचा. तुमच्या राज्यात गांजाचं दुकान राजरोस उघडं असेल, पण वॉशिंग्टनच्या लेखी गांजा ओढणारा बंदूक बाळगू शकत नाही. अंमली पदार्थांच्या त्याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलं म्हणून २०२४ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या मुलाला दोषी ठरवलं गेलं. नंतर वडिलांनी त्याला माफी दिली. तुमचे वडील सदाशिव पेठेत असतील तर हा मार्ग धरू नका.

पण नुसती बंदूक असून भागत नाही. चारचौघांत बंदूकवाला म्हणून मान हवा असेल तर काळजी करता आली पाहिजे. नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनमधले निवृत्त गृहस्थ कानावरचे मफ बाजूला सारून विचारतील, “आता यांनी काय नवीन काढलंय, ऐकलंत का?” त्यावर “कोणी?” असं चुकूनही म्हणू नका. ‘यांनी’ म्हणजे एटीएफने. दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं हे चार विषय एका छपराखाली सांभाळणारं केंद्रीय खातं. हे खात्याचं नाव नसून एका झकास दुकानाचं असायला हवं होतं, हा विनोद तिथे टी-शर्टवर, मगवर, गाडीच्या काचेवर सगळीकडे भेटतो. दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसा.

काळजीचा पहिला धडा कराचा. १९३४ साली टॉमी गन नावाची मशीनगन घेऊन फिरणाऱ्या गुंडांनी वात आणला होता. सरसकट बंदी घालायला संविधान आडवं येईल, म्हणून सरकारने कर लावला: मशीनगन, सायलेन्सर, आखूड नळीची रायफल, यांतलं काहीही बनवलं किंवा हस्तांतरित केलं की २०० डॉलर. तेव्हा ही रक्कम जवळजवळ नव्या टॉमी गनच्याच किमतीएवढी होती. कराचा हेतू तिजोरी भरणं नव्हता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. १९३७ साली सुप्रीम कोर्टाला मात्र तो निव्वळ कर दिसला. बंदूकवाले तेव्हापासून ओरडत आले की हा कर नव्हेच, कराच्या बुरख्यातलं नियंत्रण आहे. आणि इथे नाइलाजाने सांगावं लागतं की त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता गंमत बघा. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने सायलेन्सर आणि आखूड नळ्यांवरचा हा कर १ जानेवारी २०२६ पासून थेट शून्यावर आणला. मशीनगनचे २०० तसेच राहिले. नव्वद वर्षांची मागणी पूर्ण झाली, तर पेढे वाटायचे की नाही? अजिबात नाही! फॉर्म आहेच, बोटांचे ठसे आहेत, फोटो आहे, मंजुरी येईपर्यंत थांबणं आहे. टोल माफ झाला, पण प्रत्येक गाडी नाक्यावर उभी करून कागद बघणारच, असा प्रकार. तेव्हा तुमचा नवा मुद्दा पाठ करून ठेवा: कर हाच १९३४च्या कायद्याचा आधार होता, कर शून्य, तर नोंदणी कोणत्या हक्काने मागता? या मुद्द्यावर खटले चालू आहेत, आणि वकिली दृष्टीने मुद्दा चोख आहे. फक्त कोर्टात या कायद्याची बाजू कोण मांडतंय, तेवढं विचारू नका. ज्या ट्रम्प यांच्या नावाची लाल टोपी घालून तुम्ही रेंजवर जाता, त्यांचंच न्याय खातं मांडतंय. टोपी धुवायला टाकली आहे असं सांगा.

सगळ्याच करांवर सारखं चिडायचं नसतं, हेही शिकून घ्या. रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलावर १० टक्के असा केंद्राचा अबकारी कर आहे. १९३७च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. उत्पादक तो भरतो, छापील किमतीत तो मुरलेला असतो, त्यामुळे पावतीवर दिसत नाही. तो अभिमानाने सांगायचा: “हरणं आमच्या पैशावर जगतात.” (आणि मरतातही, पण ते असो.) कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून तसाच ११ टक्के कर लावला, तो मात्र संविधानावर घाला. कोलोरॅडोने एप्रिल २०२५ पासून साडेसहा टक्के लावला, तो साडेसहा टक्के घाला. पहिला कर हरणांना जातो, आणि हरणं मतदान करत नाहीत. बाकीच्यांतला पैसा हिंसाचारातल्या पीडितांसाठी आणि शाळांच्या सुरक्षेसाठी वगैरे जातो, आणि ती माणसं पुढे आणखी काही मागतील याचा नेम नाही.

दुसरा धडा इंचांचा. रायफलची नळी १६ इंच असेल तर तुम्ही सज्जन. पावणेसोळा असेल आणि नोंदणी नसेल तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. लांब नळी नसलेलीच बरी असं वाटून पिस्तूल घ्याल, तर चार इंचांचं पिस्तूल दुकानात खुशाल मिळतं. याचं कारण ऐकण्यासारखं आहे. १९३४च्या मसुद्यात पिस्तुलंही होती. लोकांनी रायफल कापून पिस्तूल बनवू नये म्हणून आखूड रायफलीचं कलम घातलं. पुढे विरोध झाला म्हणून पिस्तुलं वगळली. कलम काढायचं राहून गेलं. ज्या दारासाठी कुलूप आणलं ते दार गेलं, आणि कुलूप नव्वद वर्षं हवेत लटकतंय.

तेव्हा मोजायला शिका. बंदूक रिकामी आहे ना, हे दोनदा बघा. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड झाकणारा भाग, बंद करा, नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी आत सोडा, ती आत टेकली की तोंडाच्या कडेशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढा आणि टेपने मोजा. खात्याचीही हीच पद्धत आहे. एवढं मोठं खातं, सुताराच्या काठीवर चालतं. मोजून झाल्यावर काठी जपून ठेवा आणि घरातल्यांना तिने पडदे काढू देऊ नका.

मोजमापात पास झालात तरी व्याख्या आहेतच. २००४ साली या खात्याने लेखी कळवलं होतं की दोन टोकांना फास असलेली चौदा इंची बुटाची नाडी अर्धस्वयंचलित (एका चापाला एकच गोळी सोडणाऱ्या) रायफलीला जोडली तर ती नाडी म्हणजे मशीनगन. २००७ साली खुलासा आला की सुटी नाडी ही नाडीच. रायफलीला बांधून एका चापात अनेक गोळ्या सुटू लागल्या तरच ती मशीनगन. बुटांच्या कारखान्यांनी निःश्वास सोडला असेल. पिस्तुलाला मागे लावायचा ब्रेस २०१२पासून चालत होता; तो मुळात अपंग माजी सैनिकांच्या हाताला आधार म्हणून निघाला. जानेवारी २०२३मध्ये ठरलं की ब्रेस लावलेलं बहुतेक पिस्तूल म्हणजे आखूड रायफल, ३१ मेपर्यंत नोंदवा नाहीतर काढा. जून २०२४मध्ये टेक्सासातल्या न्यायाधीशाने तो नियमच रद्द केला. ज्या शहाण्यांनी घाबरून मुदतीत नोंदवलं ते गुन्हेगार नव्हते. ज्यांनी नोंदवलं नाही तेही आता नाहीत. आळशी माणसाला न्याय मिळाल्याची उदाहरणं कमी असतात, हे कापून ठेवा.

बंप स्टॉक, म्हणजे साध्या रायफलीतून भराभर गोळ्या सोडू देणारा दस्ता, त्यावर २०१८ साली बंदी आणली ती कोणी, हे पुन्हा त्या टोपीलाच विचारावं लागेल. लास व्हेगासच्या हत्याकांडानंतर आणली, आणि २०२४ साली सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीनने उडवली. हत्याकांडाबद्दल मात्र रेंजवर बोलायची पद्धत नाही. तिथे नाडीबद्दल बोलतात.

एका गोष्टीवर मलाही विनोद सुचत नाही. आयडाहोच्या डोंगरात राहणाऱ्या रँडी वीव्हरवर नळ्या कापलेल्या दोन शॉटगन खबऱ्याला विकल्याचा आरोप होता. ऑगस्ट १९९२मध्ये केंद्राची माणसं रूबी रिजवर पोचली, आणि त्यात त्याची बायको, चौदा वर्षांचा मुलगा आणि एक डेप्युटी मार्शल, म्हणजे केंद्राचाच पोलीस, मेला. ज्या शॉटगनपासून हे सुरू झालं त्या आरोपातून वीव्हर १९९३ साली सुटला. पुढे सरकारने कुटुंबाला ३१ लाख डॉलर दिले. शेजारच्या लेनमधले गृहस्थ रूबी रिजचं नाव घेतील तेव्हा टोपीचा विषय काढू नका.

उरली नोंदवहीची भीती: सरकारकडे सगळ्या बंदुकांची यादी आहे आणि एके दिवशी ते दारात येतील. साध्या बंदुकांची तशी केंद्रीय यादी करायला १९८६च्या कायद्याने मनाई आहे. बंद पडलेल्या दुकानांचे फॉर्म वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जातात. तिथे खोकी इतकी साठली की मालवाहू कंटेनर आणून त्यात भरावी लागली. स्कॅन होतात, पण नावाने शोधता येऊ नयेत अशा बेताने. माणसं पानं उलटत बसतात. सरकारने संगणक वापरू नये म्हणून संसदेत झगडलेला हा जगातला एकमेव ग्राहकवर्ग असावा. तरीही कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर द्या: “सगळ्या बंदुका बोटीच्या अपघातात तळ्यात गेल्या.” हा त्यांचा जुना विनोद. मग ज्या पिकअपने तळ्यावर गेलात तिच्या मागच्या काचेवरचे तीन कंपन्यांचे स्टिकर, तिजोरीपुढे काढलेला दिवाळीचा फॅमिली फोटो आणि काडतुसांच्या दुकानातला पॉइंट्स जमा करणारा मोबाइल नंबर, एवढं तेवढं आवरून घ्या.

आणि डिसेंबरात पुण्याला निघताना रेंजवर नेलेली बॅकपॅक घेऊ नका. घ्यायचीच असेल तर उलटी करून झटका, बाजूचे खिसे चाचपा, अस्तराला भोक असेल तर त्यातही बोट घाला. मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये नऊ मिलिमीटरचं एक काडतूस दिसलं तरी १९५९चा शस्त्र कायदा लागू शकतो, आणि तिथल्या फौजदाराला बंदुकीचा हक्क देणारी अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती समजावून सांगायला गेलात तर तो आधी तुमचा पासपोर्ट मागेल.