कृपया आपला संपर्क क्रमांक कळवावा

नगरपरिषदेच्या समाजमाध्यम कक्षाचा कार्यभार आपल्याकडे सोपवल्याचा कार्यालयीन आदेश निघाला, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावरून आपली इथे बदली झाली यात कमीपणा मानू नये, कारण दोन्ही कामांत मोठे साम्य आहे. तिथे नोंद झाल्याशिवाय माणूस जन्माला आला असे धरत नाहीत. इथे पोस्ट पडल्याशिवाय काम झाले असे धरत नाहीत. पोस्ट पडल्यानंतर ते काम प्रत्यक्ष करावे लागत नाही, एवढी सोय मात्र इथे अधिक आहे.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाने 2012 मध्येच सरकारी कार्यालयांसाठी समाजमाध्यमांच्या वापराची मार्गदर्शक तत्त्वे काढली होती. खाते उघडण्यापूर्वी उद्देश ठरवा, उत्तर कोण देणार आणि किती वेळात देणार हे ठरवा, नोंदी जपा, असे बरेच काही त्यांत आहे. ती छापून, फाइलला लावून, फाइल कपाटात ठेवावी. लेखापरीक्षणाच्या वेळी ती कपाटात आहे हे सांगता आले म्हणजे पुरे.

आता तक्रारींविषयी. पूर्वी नागरिक अर्जाच्या दोन प्रती घेऊन येत असे आणि आवक-जावकचा लिपिक एक प्रत ठेवून दुसरीवर गोल शिक्का मारून, तारीख आणि क्रमांक घालून ती परत देत असे. प्रशासनाच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ त्या दीड इंची शिक्क्यात होते. शिक्का हाती आलेला माणूस महिनाभराने 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' असे विचारी; त्याला 30 दिवसांत उत्तर न गेल्यास दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 25 हजारांपर्यंत दंड अधिकाऱ्याच्या डोक्यावर टांगलेला असे. पुढे 2015 मध्ये राज्याने लोकसेवा हक्क अधिनियम आणला, अधिसूचित सेवांना मुदती घातल्या आणि त्या चुकवणाऱ्यास 500 ते 5 हजार रुपयांची शास्ती सांगितली. कागद हा असा बोलका असतो.

समाजमाध्यमावरच्या तक्रारीला शिक्का नाही, आवक क्रमांक नाही, मुदत नाही आणि अपीलही नाही. म्हणून पुढील काळात आपले सर्वात महत्त्वाचे काम म्हणजे नागरिकाला खिडकीवरून उठवून मोबाइलवर आणणे. तो तिथे आला की चार मिनिटांच्या आत त्याला हे उत्तर द्यावे : 'नमस्कार, आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे. कृपया आपला संपर्क क्रमांक संदेशाद्वारे कळवावा.' या दोन वाक्यांतली कारागिरी निरखून पाहावी. 'घेण्यात आली आहे' हा पूर्ण वर्तमानकाळ असल्याने काम झाल्यासारखे वाटते, आणि कर्मणी प्रयोग असल्याने ते कोणी केले हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या वाक्याने पुढचे काम नागरिकाकडे जाते. त्याने क्रमांक कळवला की प्रकरण चव्हाट्यावरून आपल्या पेटीत येते, आणि तिथे ते निवांत पडून राहू शकते. फारच पिच्छा पुरवला तर 'संबंधित विभागास कळविण्यात आले आहे' असे लिहावे. महाराष्ट्रातल्या एकाही कार्यालयात 'संबंधित विभाग' अशी पाटी लावलेले दार नाही, त्यामुळे तिथे जाऊन चौकशी करण्याचा धोका संभवत नाही.

काही वाचक लगेच मुंबई पोलिसांचा दाखला देतील. त्यांनी डिसेंबर 2015 मध्ये ट्विटरवर खाते उघडले आणि कोट्या, चित्रपटांतले संवाद आणि हजरजबाबीपणा यांच्या जोरावर लोकांना आपलेसे केले, हे खरेच. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना 2017 मध्ये कोणी मंगळावर अडकल्याची थट्टा केली, तेव्हा 'तिथेही भारतीय दूतावास तुमच्या मदतीला येईल' अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले होते. आपणही कोट्या जरूर कराव्यात. फरक एवढाच ध्यानात असू द्यावा, की त्या विनोदांमागे एकीकडे फोन केल्यावर निघणारी गाडी होती आणि दुसरीकडे खरोखरचे दूतावास होते. आपल्यामागे एक मुकादम आहे, आणि मार्च जवळ आल्याने तो घरपट्टीच्या वसुलीवर गेला आहे. तेव्हा कोटी घ्यावी, गाडी सोडून द्यावी.

मुंबई महापालिकेने नोव्हेंबर 2019 मध्ये केलेली चूक मात्र आपल्या हातून होता कामा नये. ॲपवर खड्डा कळवा, 24 तासांत तो बुजवला नाही तर 500 रुपये मिळवा, असे आव्हान तिने देऊन टाकले होते. खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल असावा, अशी अटही होती. म्हणजे आकडा आला, मुदत आली आणि नागरिकाच्या हाती फूटपट्टीसुद्धा आली. आश्वासन नेहमी असे द्यावे की ते कशानेही मोजता येऊ नये. 'खड्डेमुक्त शहराच्या दिशेने दमदार पाऊल' हे उत्तम. पावलाची लांबी कोणी विचारत नाही, आणि ते खड्ड्यात पडले तरी दिशा तीच राहते.

तक्रारी अशा मार्गी लागल्या की उरलेला वेळ शुभेच्छांना द्यावा. पत्रकाची रचना ठरलेली आहे. वरच्या बाजूला मान्यवरांची छायाचित्रे ज्येष्ठताक्रमाने, त्यांखाली सोनेरी अक्षरांत शुभेच्छा, एका कोपऱ्यात बोधचिन्ह, आणि जागा उरलीच तर अगदी तळाला, भिंग घेऊन वाचता येईल अशा अक्षरांत, 'देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे उद्या शहराचा पाणीपुरवठा बंद राहील' ही सूचना. ती उद्या संध्याकाळी टाकली तर अधिक बरे, कारण तोवर ती खरी ठरलेली असते. 22 मार्च हा जागतिक जल दिन आहे; त्या दिवशी नळ कोरडे असल्यास शुभेच्छा सकाळी लवकर द्याव्यात.

सहभागाशिवाय जनसंपर्क अपुरा राहतो, आणि सहभाग म्हणजे सेल्फी. 2022 मध्ये घरोघरी तिरंगा मोहिमेत संकेतस्थळावर झेंड्यासोबतचा सेल्फी चढवता येत असे आणि प्रमाणपत्रही मिळत असे. डिसेंबर 2023 मध्ये तर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना सेल्फी पॉइंट उभारण्यास सांगितले. आपणही तळ्याकाठी 'आय लव्ह' आणि पुढे गावाचे नाव, अशी माणसाहून उंच अक्षरे बसवून घ्यावीत. पहिल्या पावसात त्यातला 'लव्ह' विझेल, पण निविदेत देखभालीचा उल्लेख नसल्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

टीका करणाऱ्यांवर गुन्हे दाखल करण्याचा मोह टाळावा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, 30 एप्रिल 2021 रोजी, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नका, अशी ताकीद सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिली होती. त्यापेक्षा टिप्पण्यांचा कप्पाच बंद ठेवावा. त्यात कोणाचे तोंड दाबल्याचा आरोप येत नाही. महिनाअखेरच्या अहवालात 'पोहोच', म्हणजे पोस्ट किती जणांना दिसली तो आकडा, ठळक घालावी. शहराची लोकसंख्या 80 हजार असताना पोहोच सव्वा लाख दिसली तरी बिचकू नये. राज्यातल्या कित्येक शहरांत 2022 पासून वर्षानुवर्षे नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकांच्या हाती होता, आणि प्रशासक स्वतःला उलटे प्रश्न विचारत नाहीत.

हे सारे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. अशा तत्पर कारभाराचा मी स्वतः लाभार्थी आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटाराचे झाकण गेले, तेव्हा मी छायाचित्रासह तक्रार टाकली. उत्तर तीन मिनिटांत आले. मी संपर्क क्रमांक कळवला. नवव्या दिवशी 'तक्रार निकाली' असा संदेश आला आणि सोबत बसवलेल्या झाकणाचे छायाचित्र होते. झाकण सुरेख होते, मात्र त्यामागे दिसणारी पिवळी भिंत आमच्या गल्लीत कुठेच नाही. रात्री कोणी पडू नये म्हणून समोरच्या काकांनी एक भलीमोठी फांदी तोडून त्या भोकात रोवली आणि तिला लाल फडके बांधले. चार दिवसांनी, वैतागून, मी त्या फांदीचा फोटो काढून त्याच खात्याला जोडला. वृक्षारोपण सप्ताह चालू होता. या वेळी उत्तर दोनच मिनिटांत आले, शेजारी हिरव्या रोपट्याचे चित्रही होते : 'हरित शहरासाठी आपण केलेल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार. कृपया आपला संपर्क क्रमांक कळवावा, आपणास प्रमाणपत्र पाठवता येईल.'

काकांनी क्रमांक कळवला आहे. प्रमाणपत्रात वृक्षाचे नाव घालावे लागते, असे नंतर कळले. फांदी गुलमोहराची होती.