'शॉपलिफ्टर्स'मधल्या बायकांबद्दल जे फिरतंय ते चूक आहे

हिरोकाझू कोरे-एडाच्या 'शॉपलिफ्टर्स' या जपानी सिनेमाबद्दल (2018, त्याच वर्षी कान महोत्सवात पाम द'ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार) एक मत सगळीकडे शेअर होतंय. सिनेमा म्हणजे दुकानांत चोऱ्या करून भागवणाऱ्या टोकियोतल्या एका गरीब घराची गोष्ट: ओसामू, त्याची बायको नोबुयो, आजी हात्सुए, तरुण आकी, त्यांनी सांभाळलेला मुलगा शोता आणि घरी आणलेली एक लहान मुलगी. थोडक्यात असं, की यात बायकांचे तेच ठरलेले साचे आहेत, एक आजी, एक आई, एक देह विकणारी मुलगी. पात्रं सगळी जपानी, म्हणजे डायव्हर्सिटी शून्य. आणि शेवटी पुरुष मोकळा सुटतो, बाई जेलमध्ये जाते. मला हे अजिबात पटत नाही. (पुढे शेवट फुटणार आहे, बघितला नसेल तर आधी बघून या.)

आधी आजी. किरिन किकीची हात्सुए ही देवघरात बसून आशीर्वाद देणारी म्हातारी नाहीये. घर तिचं, पेन्शन तिची, पाचिंकोच्या (लोखंडी गोळ्यांच्या जुगारी मशीनच्या) दुकानात शेजारच्याचे गोळे ढापते, आणि जो नवरा दुसऱ्या बाईसाठी तिला सोडून गेला त्याच्या मुलाच्या घरी जाऊन गोड बोलून पैसे घेऊन येते. ती गेल्यावर घरातले तिला घरातच पुरतात आणि पेन्शन काढत राहतात. हे अतिरंजित वाटत असेल तर 2010 ची बातमी आठवा, टोकियोच्या आडाची भागात कागदोपत्री 111 वर्षांचा असलेला माणूस साधारण तीस वर्षांपूर्वीच मेलेला निघाला होता आणि त्याच्या नावावर पेन्शन चालू होती.

"देह विकणारी मुलगी" हे तर सरळ चुकीचं आहे. आकी पीप-शोमध्ये, म्हणजे एकतर्फी आरशाच्या काचेमागून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर काम करते आणि तिथे नाव लावते धाकट्या बहिणीचं, त्या बहिणीचं जी आईबापांच्या चांगल्या घरात राहते, आणि ते आईबाप लोकांना सांगतात की आकी ऑस्ट्रेलियात असते. एवढा राग त्या एका नावात आहे आणि आपण "साचा" म्हणून पुढे जायचं?

आता नोबुयो. साकुरा आंदोने केलेलं हे काम मी बघितलेल्या सगळ्या क्राइम सिनेमांत वरच्या नंबरचं आहे. लाँड्रीत कामाला, तिथे तिला आणि तिच्या मैत्रिणीला सांगतात दोघींपैकी एकच राहणार, तुम्हीच ठरवा. मैत्रीण घरातल्या त्या लहान मुलीवरून धमकावते तेव्हा नोबुयो नोकरी सोडते आणि जाताना सांगते, तोंड उघडलंस तर मारून टाकीन. पावसाच्या दुपारी नूडल्स खाता खाता नवऱ्याला जवळ ओढणारीही तीच, आणि कॅमेरा तिथे तिला शोभेची बाहुली करत नाही, इच्छा तिची आहे हे स्वच्छ दिसतं. ही कुठली ठरलेली आई?

डायव्हर्सिटीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. जपानमधले झाइनिची कोरियन (तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोरियन वंशाचे लोक) या सिनेमात नाहीत, त्यांच्यासाठी ओशिमाचा 'डेथ बाय हँगिंग' (1968) किंवा योइची साईचा 'ब्लड अँड बोन्स' (2004) बघायला हवा. पण म्हणून शून्य? रोजंदारीवर जाणारा, साइटवर पाय मोडला तरी भरपाई न मिळणारा ओसामू, तास कापले गेलेली लाँड्रीतली बाई, रक्ताचं नातं नसताना एका छताखाली राहणारी माणसं, "सगळे एकसारखे, सगळे मध्यमवर्गीय" असं जपानबद्दल जे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं त्याला हा सिनेमा छेद देतो, आणि वर्ग, वय, कुटुंबाचा प्रकार हे सगळं डायव्हर्सिटीत धरायचंच नाही असं कोणी ठरवलं?

राहिला जेलचा मुद्दा, आणि इथे ते मत सगळ्यात जास्त फसलंय. ओसामूवर आधीचा गुन्हा आहे, त्याला जास्त शिक्षा झाली असती, म्हणून नोबुयो सगळं स्वतःवर घेते. चौकशीत तिच्यासमोर बाई अधिकारीच आहे, आणि तीच बजावते की जन्म दिल्याशिवाय आई होता येत नाही. म्हणजे पडद्यावर बाई दिसली की ती बाईच्या बाजूचीच असणार हा भ्रमही सिनेमा मोडतो. हात्सुएचं प्रेत टाकून दिल्याचा आरोप होतो तेव्हा नोबुयो म्हणते, मी टाकलं नाही, उचललं, टाकणारे दुसरेच होते.

आणि जेलमध्ये भेटायला आलेल्या शोताला ती सांगते की तो कुठे सापडला, मात्सुदोचं पाचिंको पार्लर, लाल व्हिट्झ गाडी, नाराशिनोची नंबरप्लेट, हे सगळं सांगून म्हणते मनात आणलंस तर खरे आईबाप शोधू शकशील. ओसामू शेजारी बसून चकित होतो, कारण हे सांगायचं असं त्याला विचारलेलंच नसतं. निर्णय तिने एकटीने घेतलेला असतो.