‘एसीत बसून’ लिहिणाऱ्याकडून

‘एक सोलापूरकर’ यांस,

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की बॉयलर-पाणी-वीज सांभाळणाऱ्या सुपरवायझरला आपल्या जिल्ह्यातही काम आहे, उठसूट चाकण गाठायला नको. त्यावर तुम्ही लिहिलंत : ‘एसीत बसून पोरांना भुलवू नका. पट्टा पडला (साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला) की सुपरवायझर घरी, आणि पगार तीन-तीन महिने थकलेला.’

आधी माझी चूक. सोलापूरच्या एनटीपीसी वीज केंद्राचे दोन्ही संच २०१७ला सुरू झाले असं मी लिहिलं, दुसरा २०१९चा. १३२० मेगावॉट मात्र बरोबर आहे.

आता एसी. साहेब, अकरा हंगाम बॉयलरवर काढलेत मी. एका रात्रपाळीत गेज ग्लासमधलं, म्हणजे बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेतलं, पाणी दिसेनासं झालं. फायरमन घाबरून म्हणाला, ‘पंप सोडू का?’ म्हटलं, हात लावू नको, आधी बगॅस (जाळायचा उसाचा चोथा) बंद कर. तापलेल्या ट्यूबांत गार पाणी गेलं असतं तर आज तुम्हाला उत्तर द्यायला मी नसतो. अंगावरचा शर्ट पिळून काढावा असा भिजला होता, तोही डिसेंबरात. हा माझा एसी! ज्याने ड्रम लेव्हलचा, बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीचा, अलार्म कधी ऐकला नाही, त्याने मला उन्हातान्हाचं सांगावं?

पट्टा पडला की हंगामी माणूस घरी जातो, कायम नोकरीतला नाही. ट्यूबा साफ करायच्या, पंप खोलायचे, इन्स्पेक्टरसमोर हायड्रॉलिक टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) द्यायची, हे कोण करतं मग? डिस्टिलरी तर साठवलेल्या मळीवर पुढेही चालते. चिंचोळीच्या केमिकलवाल्यांना, अक्कलकोट रोडच्या टॉवेल डाइंगला वाफ बारा महिने लागते. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट हातात असू द्या, मग बोलू. तुमच्याकडे आहे का? सहज विचारतो.

थकलेल्या पगाराचा विषय वेगळा. माझेही एका कारखान्यात पाच महिन्यांचे अडकले होते, त्यातले दोन अजून यायचेत. म्हणून काय मी बॉयलर सोडून पळालो? (सोडला, पण तो गुडघ्यामुळे.)

आणि हो, एसी आहे घरी. पोरीने तिच्या पुण्याच्या पगारातून बसवलाय. ती आयटीत आहे, बॉयलरवर नाही, तेव्हा पुढच्या प्रतिक्रियेत तेही उकरून काढू नका.