सत्तरीचं कार्ड काढलं की मेडिक्लेम रद्द होतो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे, झेरॉक्स, सातबारा, पॅन, रेशनकार्डाची कामं, जे येईल ते. सकाळी अकराच्या सुमाराला म्हातारी मंडळी यायला लागतात, तोवर चार भिंतीच्या टेकडीपर्यंतचं फिरणं, आंघोळ, पेपर सगळं उरकलेलं असतं. आधी ही मंडळी आयुष्मानचं सत्तरीचं कार्ड (सत्तर पूर्ण झालेल्यांना ॲडमिट झाल्यावर वर्षाला पाच लाखापर्यंत फुकट उपचार, ही केंद्राची योजना) काढायला यायची. आता निम्मे लोक काढलेलं कार्ड रद्द करता येतं का विचारायला येतायत. एका काकांनी तर तो व्हॉट्सॲपचा मेसेज कागदावर उतरवून घेतलेला, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलेला. गोलबागेच्या कट्ट्यावर हाच विषय, नातेवाईकांच्या ग्रुपवर हाच, माझ्या स्वतःच्या सासऱ्यांनी मलाच फॉरवर्ड केला वर "काळजी घ्या" म्हणून, आणि त्यांचं कार्ड मीच काढून दिलेलं.

मेसेज थोडक्यात असा, ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी (असे कोण असतील असं वाटत नाही): सर्व पेन्शनर बंधू-भगिनींनो सावधान, ७० वर्षांवरचं आयुष्मान कार्ड काढू नका, काढलं की खाजगी मेडिक्लेम आपोआप रद्द होतो, हप्ता पेन्शनमधून कापतात, ज्यांची पेन्शन जास्त आहे त्यांच्याकडून लाडकी बहीणसारखी वसुली होणार, तुमच्यामुळं मुलानातवंडांचे पाच लाख संपतात, शिवाय एकही खाजगी हॉस्पिटल हे कार्ड घेत नाही, म्हणून काढायचंच असेल तर महिनाअखेरच्या आत काढा. म्हणजे काढू पण नका आणि लवकर पण काढा! हे वाचून तिथंच थांबायला पाहिजे होतं खरं, पण लोक थांबत नाहीत, वीस जणांना पाठवतात.

तर एकेक घेऊ.

मेडिक्लेम रद्द होतो हे साफ खोटं. केंद्र सरकारनं ११ सप्टेंबर २०२४ ला सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ही योजना लागू करायचा निर्णय घेतला, २९ ऑक्टोबर २०२४ ला वय वंदना कार्ड, म्हणजेच हे सत्तरीचं कार्ड, सुरू झालं, आणि पहिल्या दिवसापासून त्यात स्पष्ट आहे की खाजगी पॉलिसी असलेल्या किंवा ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) असलेल्या माणसालासुद्धा हे कार्ड मिळतं. दोन्ही ठेवा. पॉलिसी कंपनीला कळवावं पण लागत नाही. उलट मी तर म्हणतो पॉलिसी चालू असेल तर घाईनं बंद करू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, आणि जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) कंपन्यांना सांगितलंय की साठीच्या पुढच्या लोकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आम्हाला विचारा. त्याच्याआधी एका वर्षात दीडपट झालेले प्रीमियम मी स्वतः लोकांना ऑनलाइन भरून दिलेत, भरताना त्यांचे चेहरे बघवत नव्हते. बँकेतून रिटायर झालेल्यांचं मात्र दुखणं खरं आहे, त्यांची ग्रुप पॉलिसी, आणि जीएसटीची माफी जाहीर झाली ती ग्रुप पॉलिसीला नाही. पण ते दुखणं वेगळं, त्याचा या कार्डाशी संबंध नाही.

आता "रद्द होतो" ही भीती आली कुठून, तर त्यात एक खरा खडा आहे आणि तो नेमका आपल्या साताऱ्याला लागणारा आहे. ज्यांना सीजीएचएस (केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांचं आयुष्मान सीएपीएफ आहे त्यांना दोन्ही ठेवता येत नाही. जुनं ठेवायचं का नवीन घ्यायचं हे निवडावं लागतं आणि ही निवड एकदाच. आपल्याकडं घराघरात फौजी. मागं अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावचे एक सुभेदार साहेब आले होते, वय पंचाहत्तर, पाठ अजून सरळ, म्हणाले "काढा वो, असू दे जादाचं, फुकट तर हाय." मी फॉर्म उघडला, तिथं विचारतं की तुम्हाला यापैकी कुठली सरकारी योजना आहे का. मी म्हणलं साहेब, इथं नीट वाचा. ईसीएचएसला खर्चाची वरची मर्यादा नाही, पॉलिक्लिनिकमधून रोजच्या गोळ्या मिळतात, आणि इकडं वर्षाला पाच लाखाची मर्यादा आणि रोजच्या गोळ्या नाहीतच. ते दोन मिनिटं स्क्रीनकडं बघत बसले, मग म्हणाले "म्हंजे चांगली बंदूक देऊन लाठी घ्यायची." आणि उठून गेले. म्हणून फौजी भाऊंनो, पोर्टलवर "नाही" असं दाबून दोन्ही ठेवायचा उद्योग करू नका आणि केंद्रवाल्याला पण करू देऊ नका. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं एकच वाक्य लिहिलं असतं तर पुण्य लागलं असतं त्याला.

पेन्शनमधून हप्ता कापतात? नाही. हप्ताच नाही तर कापणार काय. सगळा खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात, आपल्या राज्यात केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस या हिशेबानं. नोंदणी पण फुकट, मी फक्त लॅमिनेशनचे पैसे घेतो आणि ते पण कुणी कुरकुर केली तर सोडून देतो. पेन्शनमधून काही कापलं गेलं असेल तर बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या, कारण दुसरंच निघेल.

वसुलीचं प्रकरण जरा समजून घ्यायला पाहिजे कारण लोक इथंच सगळ्यात जास्त घाबरलेत. लाडकी बहीणला कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाची अडीच लाखाची अट आहे, अट मोडून पैसे घेतलेल्यांची नावं निघाली, तपासणी लागली, ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. त्यामुळं रिटायर मास्तरांना वाटतंय की आपली पेन्शन चाळीस हजार, उद्या नोटीस येणार. पण सत्तरीच्या कार्डाला उत्पन्नाची अटच नाहीये. कलेक्टर म्हणून रिटायर झालेला आणि हमाल, दोघांना सारखंच. इन्कम टॅक्स भरता का, बंगला आहे का, गाडी आहे का, काही विचारत नाहीत, फक्त आधार आणि आधारवर सत्तर पूर्ण. जी अटच नाही ती मोडली म्हणून वसुली कशी करतील?

आणि अजून एक उलटा गैरसमज, हा मेसेजमध्ये नाही पण कट्ट्यावर आहे, की पाच लाख खात्यात जमा होतात. खात्यात एक रुपया येत नाही. ॲडमिट झालात तर हॉस्पिटलला परस्पर मिळतात.

मुलानातवंडांचे पाच लाख संपतात हे तर बरोबर उलटं आहे. ज्या घराचं नाव आयुष्मानच्या यादीत आधीपासून आहे, त्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला वेगळे जादाचे पाच लाख मिळतात, ते घरातल्या बाकीच्यांशी वाटून घ्यायचे नाहीत. म्हणजे आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तरी नातवाच्या वाटणीला हात लागत नाही. फक्त त्यांनी जुनं कार्ड असलं तरी परत केवायसी करून नवीन काढावं लागतं. मात्र नवरा-बायको दोघं सत्तरीच्या वर असतील तर पाच लाख दोघांत मिळून, प्रत्येकी नाही. हे सांगितलं की एक मावशी हमखास म्हणतात "म्हंजे हितं बी निम्मं त्येंचंच."

सत्तर पूर्ण व्हायला वेळ असलेल्यांनी पण एक लक्षात घ्या, आपली राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना, जिला लोक अजून जीवनदायीच म्हणतात, तिची मर्यादा आधी दीड लाख होती ती १ जुलै २०२४ पासून पाच लाख झालीये आणि पांढऱ्या रेशनकार्डालासुद्धा चालते. पेन्शनर लोक पांढरं कार्ड म्हणून ट्रंकेत टाकून देतात, नावं कमी-जास्त केलेली नसतात, सून येऊन दहा वर्षं झाली तरी तिचं नाव नाही. ते कार्ड बाहेर काढा आणि ऑनलाइन करून घ्या.

आता "एकही खाजगी हॉस्पिटल घेत नाही." हे खोटं आहे पण यातला त्रास खोटा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमची मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, मोरीत पाय घसरून पडली, खुबा मोडला. जवळचं मोठं हॉस्पिटल, दारात योजनेचा बोर्ड, म्हणून तिथं नेलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली योजनेचे बेड फुल आहेत, पन्नास हजार डिपॉझिट भरा मग बघू. मावसभाऊ पैसे काढायला निघाला पण. मी म्हणलं थांब, आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या पेशंटला मदत करणारा माणूस, कुठं बसतो ते शोध. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र असतो, त्याचा वेगळा डेस्क असतो, तिथला पोरगा जेवायला गेलेला तो अर्ध्या तासानं आला आणि त्यानं खरं काय ते सांगितलं, की हे हॉस्पिटल हृदयासाठी योजनेत आहे, हाडांसाठी नाहीच. बोर्डावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला माहीत नव्हतं का सांगायचं नव्हतं, देव जाणे. त्यानंच दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव दिलं, संध्याकाळी तिकडं हलवलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, बिल शून्य. आमचा खर्च काय झाला तर ॲम्ब्युलन्स, वॉकर आणि बघायला येणाऱ्यांचा चहा. घरी सोडल्यावरच्या पंधरा दिवसांची औषधं पण योजनेतच असतात, ती मागून घ्यावी लागली, आपण होऊन कुणी हातात ठेवत नाही.

म्हणजे खाजगीवाले घेतात, पण सगळे घेत नाहीत आणि सगळ्यासाठी घेत नाहीत, काही उपचार तर फक्त सरकारी दवाखान्यातच होतात. आणि हॉस्पिटलवाल्यांचं म्हणणं असतं की दर कमी आहेत, पैसे उशिरा येतात, ते पण सगळं खोटं नाही. पण त्यावर उपाय कार्ड न काढणं हा कसा होईल? उपाय हा की हातपाय धड आहेत तेव्हाच १४५५५ ला, किंवा राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ ला फोन करून विचारून ठेवायचं, हृदयाला जवळ कुठं, हाडाला कुठं, किडनीला कुठं, आणि तो कागद कॅलेंडरच्या मागं चिकटवायचा. योजनेत बसलेल्या उपचाराचे वर पैसे मागितले तर तक्रार पण याच नंबरांवर.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये यायला हवी होती आणि आलीच नाही. बीपी, शुगर, थायरॉईड, गुडघेदुखी, हे जे महिन्याला दोन-अडीच हजार खातं ते या कार्डात बसत नाही. ॲडमिट झालात तरच कार्ड. ओपीडीची फी नाही, रोजच्या गोळ्या नाहीत. साखर कारखान्यातून नाहीतर सूतगिरणीतून रिटायर झालेला माणूस, ईपीएसची (पीएफवाली) पेन्शन हजार-दोन हजार, त्याला पाच लाखाच्या ऑपरेशनची भीती नसतेच, त्याला एक तारखेला मेडिकलवाल्यासमोर उभं राहायची भीती असते. त्याला मी जनऔषधी दुकानाचा (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) पत्ता देतो, दुसरं माझ्या हातात काय आहे. सरकारशी भांडायचंच असेल तर या मुद्द्यावर भांडा की, मी पण येतो.

शेवटच्या तारखेचं तर बोलूच नये, अशी तारीख नाही, नोंदणी चालूच आहे. पण घाई झाली की माणूस लिंक दाबतो आणि अशा मेसेजच्या पोटात लिंक येतात. कार्ड काढायचंय म्हणून फोनवर ओटीपी मागणारा कुणीही असू दे, देऊ नका. केंद्रात या, समोर बसा. बोटाच्या रेषा झिजल्यामुळं अंगठा घेत नसेल तर चेहऱ्यावर होतं, आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीवर होतं, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. सर्व्हर डाऊन नसेल तर. असतो बऱ्याचदा.

माझ्याकडं खरी अडचण येते ती वेगळीच, वयाची. आपल्याकडं मास्तरांनी निम्म्या गावाचा जन्म १ जूनला लावलेला, आणि ज्या शाळेतच गेल्या नाहीत त्यांचं वय आधार काढताना समोरच्यानं तोंडाकडं बघून टाकलेलं. परळी खोऱ्यातल्या एक आज्जी येतात, आधारवर १ जून १९५७, म्हणजे सत्तरीला अजून अवकाश. आज्जी म्हणतात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझा थोरला दीड वर्साचा, मी त्याला पाळण्यातनं उचलून अंगणात पळाली. भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे आधार खरं धरलं तर पोरगा झाला तेव्हा आज्जी नऊ वर्षांच्या. मी त्यांना सांगितलं की आधार केंद्रात जाऊन जन्मतारीख दुरुस्त करून घ्या, ती एकदाच बदलता येते, पण त्याला तुमच्या जन्माचा कागद लागेल. काल आल्या परत, पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला, बघतो तर थोरल्याचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणलं आज्जी, हा त्याचा झाला, तुमचा पाहिजे. तर म्हणाल्या, "आरं मग त्यो काय माज्या आदी जलमला व्हय?"