गौरीच्या पाटापलीकडचं जग : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

तेरड्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इथे उतरवते, म्हणजे इतरांनाही कळेल मी कशावर बोलतेय. “लेख छान. पण लेखिकाबाईंनी तेरडा ‘आपल्या सह्याद्रीचा’ करून टाकला आहे. ही प्रजाती आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत पसरलेली आहे. दिलेलं वर्गीकरण हुकरच्या काळातलं. शास्त्रीय नावं तिरक्या अक्षरांत नाहीत. लेख लांबला आहे. गौरीच्या पाटापलीकडेही जग आहे, तिकडे जरा बघावं.”

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. तुमच्या सौजन्याचा रंग ‘लेख छान’ म्हणून झाल्या झाल्या उडाला.

तिरकी अक्षरं नव्हती, मान्य. लेख मोबाइलवरून चढवला होता, काल लॅपटॉपवर बसून ती तिरकी केली. लेख लांबल्याबद्दल म्हणाल तर हे उत्तरही लांबणार आहे.

आता ‘लेखिकाबाई’. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही त्याला ‘लेखकबुवा’ म्हणाला असतात का? आणि तो पाट तुमच्या डोळ्यांत एवढा का खुपावा? मी गिरगावातल्या चाळीत वाढले. भाद्रपदात पालघर-वाड्याकडच्या बायका तेरड्याच्या जुड्या घेऊन फुटपाथवर बसायच्या आणि आई निवडून, मुळं शाबूत असलेली जुडी घ्यायची. कारण आमच्याकडे तेरड्याची गौर, आणि मुळ्या म्हणजे तिची पावलं. त्या पाटासमोर बसून मी नखाने तेरड्याची फुलं उसवत असे आणि त्यासाठी धपाटेही खाल्लेत. पुढे बीएस्सीला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा कळलं की फुलामागची ती वाकडी शेपटी पाकळीची नाही, खालच्या निदलाची आहे (निदल म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचं, कळी झाकणारं दल). बाजूच्या चार पाकळ्या दोन-दोनच्या जोडीने चिकटलेल्या असतात, वरची एक तेवढी सुटी. म्हणजे सुरुवात पाटापासून झाली म्हणून माणूस पाटावरच बसून राहतो असं नाही, साहेब.

राहिला तुमचा मुख्य मुद्दा, आफ्रिका ते अमेरिका. हे मला माहीत नाही असं तुम्ही कशावरून धरलंत? तेरडा ज्यात येतो त्या इम्पेशन्स या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) हजारावर जाती (स्पीशीज) आहेत. उष्ण कटिबंधातली आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंका, पूर्व हिमालय, दक्षिण चीन आणि आग्नेय आशिया इथे त्यांची दाटी आहे. एकट्या चीनमध्ये दोनशेच्या वर. युरोपात मात्र मूळची म्हणावी अशी एकच, नोली-टँजिरे. उत्तर अमेरिकेत मोजून काही. दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात तर स्वतःची एकही नाही. तेव्हा नुसतं ‘अमेरिका’ म्हणतानाही कोणती ते सांगावं लागतं. तुम्ही ते सांगितलं नाहीत, आणि मी त्यावरून तुम्हाला पाटाबिटावर बसवलं नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती तुमच्या त्या एका वाक्यात कुठेच नाही. प्रजाती अर्ध्या जगात, आणि तिच्यातली एकेक जाती मात्र एखाद्या डोंगररांगेपुरती, कधी एखाद्या पठारापुरती. पश्चिम घाटात शंभरावर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच उगवत नाहीत. त्यांची गर्दी दक्षिणेला, केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत. आपल्या बाजूला आकडा रोडावतो, पण इम्पेशन्स लॉईसारखी पठारावरची जाती आपल्याच वाट्याला आली आहे. कासला ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर तिला तुडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही (तुडवू नका). असं का होतं? या झाडांना पाणी लागतं, सावली लागते, झिरपता कातळ लागतो. बोंड पिकलं की टचकन फुटतं, पण बी उडून उडून जाणार किती, काही मीटर. मधे एक कोरडी दरी आली की पलीकडच्या डोंगरावरच्या भावंडांशी संबंध संपला. लाखो वर्षं असंच चाललं की दोन डोंगरांवर दोन जाती होतात. म्हणून मी ‘सह्याद्रीचा’ लिहिलं. आपला गौरीचा तेरडा, इम्पेशन्स बाल्सामिना, सह्याद्रीबाहेरही आहे, पार म्यानमारपर्यंत. लेख त्या एकट्याबद्दल नव्हता, त्याच्या अख्ख्या गोतावळ्याबद्दल होता. ‘आपल्या सह्याद्रीत’ म्हटलं असतं तर तुमचं समाधान झालं असतं, असं दिसतं.

‘पसरलेली’ हा शब्द जिथे खरंच शोभतो ते उदाहरण तुम्ही दिलंच नाहीत. हिमालयातली ग्लँड्युलिफेरा ही जाती १८३९ मध्ये शोभेचं झाड म्हणून ब्रिटनमध्ये नेली. तिचं बी नदीच्या पाण्याबरोबर वाहत जातं. आज तिथल्या नदीकाठांवर ती माणसापेक्षा उंच माजते आणि लोक टोळ्या करून उपटायला जातात. २०१४ मध्ये हिमालयातलीच एक तांबेरा बुरशी तिकडे तिच्यावर सोडावी लागली. आणि तुमच्या-आमच्या सोसायटीच्या कुंडीत नर्सरीवाले जी देतात ती वॉलेरियाना पूर्व आफ्रिकेची. तेव्हा आफ्रिका मुंबईच्या बाल्कनीतही आहे, त्यासाठी पाटावरून फार लांब जायला नको.

वर्गीकरण. हुकरचं, म्हणजे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकरचं, नाव घेऊन तुम्ही नाक मुरडलंत, म्हणून सांगते. त्याने या प्रजातीच्या नादात आयुष्याची शेवटची वर्षं घालवली, १९११ मध्ये जाईपर्यंत. तेरड्याचं फूल दाबून वाळवायचा प्रयत्न तुम्ही कधी केलाय? मी कॉलेजात केलाय. टीपकागदावर एक जांभळट डाग उरतो, पाकळ्या कुठल्या आणि निदलं कुठली ते देवालाही सांगता येणार नाही. आमच्या बाईंनी तो नमुना सगळ्या वर्गाला दाखवून हसू केलं होतं. असली वाळकी फुलं भिजवून, सोडवून हुकरने पानांची ठेवण आणि फुलांची मांडणी पाहत गट पाडले. डीएनए आल्यावर त्यातले पुष्कळ मोडले, हे खरं. २०१६ च्या मांडणीत दोन उपप्रजाती आहेत. क्लॅव्हिकार्पा लहान, चीनकडची. बाकी सगळ्या दुसरीत, तिचे सात विभाग. आणि कुळात या प्रजातीला सख्खी बहीण एकच, हायड्रोसेरा. तिच्यात जातीही एकच, ती उथळ पाण्यात वाढते, पाकळ्या सगळ्या सुट्या आणि फळ फुटत नाही. हे लेखात घातलं नाही कारण गणपतीच्या सुट्टीत वाचणाऱ्याला सात विभागांची नावं देऊन काय करू? रानात उभं राहिल्यावर परागकणाला खाचा तीन की चार हे दिसत नाही. पानं समोरासमोर आहेत की मुळाशीच, हे दिसतं. हुकर तिथे अजून उपयोगी पडतो. तुम्हाला तो जुना वाटत असेल तर वाटो.

शेवटी एक. एवढा अभ्यास आहे तर नाव घालून लिहायला काय हरकत होती? माझं नाव लेखावर आहे, ते घेऊन तुम्ही मला बाई म्हणू शकलात. यापुढे निनावी प्रतिक्रिया इथे दिसणार नाहीत. लॉईची ओळख पटवण्याबद्दल खरंच काही शंका असेल तर नावानिशी विचारा, फोटोसकट उत्तर देईन.